दोन नंबरची खुंटी

"हे चुकलंय," टेलरबाई म्हणाल्या आणि त्यांच्या पायाखालचं मशीन थांबलं.

समोरच्या स्टुलावर रग्बी क्लबचा सेक्रेटरी बसला होता. तिशीचा, एका बँकेत कारकून. क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून काढलेलं पुस्तक द्यायला तो स्वतः आला होता. पुस्तकाला अजून छापखान्याचा वास येत होता.

"शुद्धलेखनाच्या चुका राहिल्यात काकू, घाईत—"

"शुद्धलेखनाचं नाही. हे." सुई टोचावी तसं त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "'मैदानावरच प्राण सोडला.' कुणी सोडला?"

"तुमच्या मिस्टरांनी."

"कधी?"

सेक्रेटरी गोंधळला. "त्या अंतिम सामन्यात. शेवटच्या मिनिटाला."

"माझा नवरा त्यानंतर अकरा वर्षं जगला. या दुकानाच्या वरच्या खोलीत. तुम्ही बसलाय ना, बरोबर तुमच्या डोक्यावर त्याची खाट होती."

सेक्रेटरीनं नकळत वर पाहिलं.

"आम्हाला तर दरवर्षी हेच सांगतात," तो हळूच म्हणाला. "मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी अध्यक्ष ती गोष्ट सांगतात. मग आम्ही एकेक जण जर्सीला हात लावतो. मग एक मिनिट शांतता."

"कुठल्या जर्सीला?"

"त्यांच्या. ड्रेसिंग रूममध्ये दोन नंबरच्या खुंटीवर असते ना. तिथं दुसरं कुणी काही टांगत नाही. तुम्ही पाहिलीच असेल."

"त्याची जर्सी दवाखान्यात कात्रीनं कापली. माझ्या डोळ्यांदेखत. आणि त्या खोलीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही ही तुमचीच रीत. पुस्तकात आहे की, पान नऊ."

पान नऊवर सगळ्याच रीती होत्या. क्लब काढला तो रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांनी, मागच्या पडीक जागेवर. जर्सी निळी-पिवळी, कारण पिंपांच्या तळाशी तेवढेच दोन रंग उरले होते. सामना संपला की हरलेले-जिंकलेले तीस गडी एकाच हौदावर पाय धुणार. नवा खेळाडू पहिल्या दिवशी सर्वांत वयस्क खेळाडूला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारणार. टेलरबाईंचा नवरा त्या कारखान्यात बॉयलरवर होता आणि क्लबात हूकर होता. क्लबच्या जर्सी शिवायला, आकडे चिकटवायला, फाटलेल्या कोपरांना ठिगळं लावायला बाई होत्याच. पन्नास वर्षांच्या पुस्तकात शिलाईबद्दल एक ओळ नव्हती. त्याचं त्यांना काही नव्हतं. शिलाई दिसू नये अशीच घालायची असते.

हूकर म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला मधला, दोन नंबरचा गडी. दोन्ही बाजूचे आठ-आठ जण डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात, तेव्हा त्याचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर गुंतलेले असतात. रांग कोसळली तर बाकीचे हात टेकतात. त्याला हात टेकायला मिळत नाही. चोवीस वर्षांपूर्वी चिखलात रांग कोसळली, आणि तो मानेवर पडला. त्यानंतर गळ्याखालचं काही त्याचं राहिलं नाही.

पहिले काही महिने क्लबचे लोक पाळी लावून आले. नव्याचे नऊ दिवस. खुर्चीच्या कडेला बसायचे, मोठ्यानं बोलायचे, जणू त्याचे कान गेलेत. तोच त्यांना हसवायचा. "मला क्लबनं कायमचा राखीव खेळाडू करून टाकलंय," म्हणायचा. मग येणारे कमी झाले, मग रस्त्यात भेटले तर "येतो, येतो एकदा" म्हणू लागले. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचं असायचं. बाई मशीनवरून उठायच्या, जिना चढायच्या, त्याला वळवायच्या, पुन्हा खाली येऊन शिवण धरायच्या. शाळेच्या गणवेशांचा एवढा ढीग त्यांनी तसाच उपसला. शिवण कुठं सोडली होती हे त्यांना कधी शोधावं लागलं नाही.

"पुस्तक छापून झालंय काकू," सेक्रेटरी उठत म्हणाला. "अध्यक्षांनीच लिहून दिलं होतं. तुम्ही रविवारी याल ना? पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय."

"येते," बाई म्हणाल्या. "खुर्चीसाठी नाही. ती जर्सी बघायचीय मला."

रविवारी सकाळी दहाला त्या पोचल्या. मैदानावर मंडप होता, लाऊडस्पीकर होता, जुन्या खेळाडूंची पोटं नव्या जर्सीत मावत नव्हती. अध्यक्ष स्वतः फाटकाशी आले. क्लबात त्यांना सगळे खांब म्हणत. वीस वर्षं ते पहिल्या रांगेत हूकरच्या उजव्या खांद्याखाली उभे राहत, म्हणून खांब. आता केस गेले होते, गुडघे गेले होते, नाव राहिलं होतं.

"वहिनी, या. बरं वाटलं."

"मला ड्रेसिंग रूम दाखवा."

"अहो, तिथं—"

"ठाऊक आहे. दाखवा."

खांबांनी आतल्या पोरांना बाहेर काढलं. खोलीत मलमाचा आणि ओल्या बुटांचा वास होता. भिंतीला ओळीनं पंधरा खुंट्या. दुसरीवर निळी-पिवळी जर्सी, पुढची बाजू बाहेर, उजव्या खांद्यापाशी हात लावून लावून काळपट झालेली.

बाईंनी ती खुंटीवरून उचलली आणि उलटी केली. पाठ मधोमध उभी कापलेली, दोन्ही कडा दुमडून शिवलेल्या, आणि चार जागी पांढऱ्या नाड्या. एकाही नाडीला गाठीची सुरकुती नव्हती.

"ही मी शिवलीय," त्या म्हणाल्या.

"हो ना. तुम्हीच तर..." खांब हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले. "मीच कापड घेऊन आलो होतो की."

"आला होतात. तो पडल्याला तीन वर्षं झाली होती. दुकानाच्या पायरीवर उभं राहून म्हणालात, 'वहिनी, जुनी कापली गेली, दोन नंबरची एक नवी शिवून द्याल?' मला वाटलं, त्याच्यासाठी. त्याला हात वर करता येत नव्हते, म्हणून पाठ उघडी ठेवली. निजल्या निजल्या घालता यावी म्हणून."

खांबांनी पाठीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी ती बाजू पाहिली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"वर जाऊन त्याला सांगितलं, क्लब जर्सी देणारेय. म्हणाला, 'माप नीट घे, पोट सुटलंय.' तुम्ही ती घेऊन गेलात तो गुरुवार. रविवारी त्यानं माझ्याकडून दाढी करून घेतली. केस विंचरून घेतले. दिवसभर जिन्याकडे तोंड करून पडला. कुशीवर वळवू देईना, दार दिसणार नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी म्हणाला, 'धुवायला टाकली असेल.' मग पुन्हा विषय काढला नाही. मी पण नाही."

बाहेर कुणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो.

"मला बघवत नव्हतं, वहिनी," खांब म्हणाले.

"मला बघवत होतं, असं वाटलं तुम्हाला?"

खांब बाकावर बसले. "पहिल्या वर्षी एका नव्या पोरानं विचारलं, ही खुंटी कुणाची. मी म्हटलं, आमचा एक गडी होता. होता म्हटलं, निघून गेलं तोंडातून. पुढचं पोरांनीच जोडलं. ऐकायला चांगलं वाटायचं. मी खोडलं नाही."

"म्हणजे तो वर खाटेवर पडून इथली शिट्टी ऐकायचा, तेव्हा तुम्ही इथं उभे राहून त्याच्यासाठी शांतता पाळत होता."

"हो."

"आठ वर्षं."

"हो." खांब म्हणाले, "त्या दिवशी माझा पाय घसरला होता. रांग माझ्या बाजूनं पडली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही."

"त्याला माहीत होतं."

खांबांनी मान वर केली.

"दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा पहिलं तेच बोलला. 'चिखल होता. खांबाला सांग, मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं.' मी निरोप ठेवला होता जपून. तुम्ही दवाखान्याच्या दारातून परत गेलात. नंतर दुकानाच्या पायरीवरून परत गेलात. पायरीवर सांगायची गोष्ट नव्हती ती. वर आला असतात, तर त्यानंच सांगितली असती."

बाईंना वाटलं होतं, हे बोलल्यावर आपल्याला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट, या माणसाचा चोवीस वर्षं राग करण्यात जी ऊब होती तीही गेली.

त्यांनी जर्सीची घडी घातली, बाह्या आत, नाड्या आत.

"वहिनी, आज नको," खांब घाईनं उठले. "पन्नास वर्षांचा कार्यक्रम आहे. पोरांना काय सांगू? परंपरा आहे ही आमची."

"ही त्याच्या मापाची आहे. खुंटीच्या मापाची नाही."

बाहेर सेक्रेटरीचा आवाज लाऊडस्पीकरवर आला. तो पुस्तकातलंच वाचत होता. 'मैदानावरच' या शब्दाशी तो अडखळला, क्षणभर थांबला, आणि मग छापलं होतं तसंच वाचून मोकळा झाला. सर्वांनी एक मिनिट उभं राहावं, अशी विनंती झाली. खुर्च्या सरकल्या. खांब सवयीनं दारात जाऊन ताठ उभे राहिले, आणि मग आपण कशासाठी उभे आहोत हे कळून त्यांनी मान खाली घातली.

बाई त्यांच्या शेजारून बाहेर पडल्या. मंडपातून फाटकाकडे जायला एकच वाट होती, खुर्च्यांच्या मधून. दोन्ही बाजूंना दोन-अडीचशे माणसं माना खाली घालून उभी होती. काहींनी डोळे उघडून पाहिलं. बाईंच्या काखेत निळं-पिवळं कापड पाहून कुणाकुणाच्या भुवया चढल्या. पण मिनिट संपायचं होतं, आणि त्या मिनिटात बोलायची रीत नव्हती. पहिल्या रांगेत त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची रिकामी होती. तिला वळसा घालून त्या पुढं गेल्या. सगळ्या मैदानावर फक्त त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, आणि तो त्यांनी मुद्दाम हळू केला नाही.