तळमजल्यावरचं केंद्र

मावशीची संस्था कमी पगाराच्या माणसांना परवडतील अशी घरं बांधायची आणि मी तिथे इंजिनिअर होते. मावशी आईची धाकटी बहीण. शाळेतली नोकरी सोडून तिनं हा व्याप अंगावर घेतला होता आणि कचेऱ्यांचे उंबरे झिजवून चौथी इमारत पूर्णत्वाला आणली होती. संस्था म्हणजे मावशी, मी, एक हिशेबनीस आणि एक कुरकुरणारा प्रिंटर. मावशीला ताप आला की कामाला कुलूप. तेव्हा आम्हाला मदत हवी होती, हे मी नाकारत नाही.

पण आला तो बळकटराव.

हे नाव आम्हीच ठेवलेलं. देणगीदारांनी संस्थांच्या ‘बळकटीकरणासाठी’ पाठवलेला हा सल्लागार. आयुष्यात वीट उचलली नसेल, पण बोलायला लागला की वाटावं, वीटभट्टी ह्याच्या बापजाद्यांची. पहिल्याच दिवशी त्यानं आम्हाला गोल बसवलं, रंगीत कागद वाटले आणि विचारलं, “आपली संस्था एखादा प्राणी असती, तर कोणता असती?”

“खेचर,” हिशेबनीस म्हणाला.

बळकटरावानं मान डोलावत ते फळ्यावर लिहिलं.

ह्या गृहस्थाची मला नुसती कीव आली असती. संताप आला तो मावशीचा. “मॅडम, तुम्ही कामं कसली करता? तुम्ही नेतृत्व आहात!” एवढं तो म्हणाला आणि ती लोण्यासारखी विरघळली. साइटवर येणं बंद झालं. गवंड्यांशी हुज्जत घालून घसा बसवून घेणारी बाई आता फोनवर ‘आमची दृष्टी’ वगैरे बोलायला लागली.

नव्या इमारतीत तळमजल्यावरचं कोपऱ्यातलं घर शिवणकाम करणाऱ्या एका बाईला दिलं होतं. तिचे सासरे चाकाच्या खुर्चीत. म्हणून मी दारं रुंद ठेवली होती, न्हाणीघराला उंबरा ठेवला नव्हता, भिंतींना धरायला दांडे बसवले होते. त्यांच्या भाड्याच्या खोलीला जिना होता, त्यामुळे म्हाताऱ्यांनी कित्येक महिन्यांत रस्ता पाहिला नव्हता.

बळकटराव त्या घरात एकदा फिरला आणि म्हणाला, “वा! इथे आपलं बळकटीकरण केंद्र करू. दारंही ऐसपैस आहेत.”

मी मावशीला गाठलं. “ते घर दिलेलं आहे.”

“वरचं घेतील ते.”

“खुर्ची काय उडत जाणार?”

“संस्था टिकली तर शंभर घरं होतील. एका घरासाठी अडून बसायचं?”

“आज हे एक गिळलंस. उद्या ती शंभर गिळणार नाहीस कशावरून?”

“तोंड सांभाळ. भाची आहेस म्हणून ऐकून घेते.”

केंद्राच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी घराची किल्ली शिवणवाल्या बाईंच्या हातात ठेवली. “ताई, तुमची नोकरी जाईल हो,” त्या म्हणाल्या.

“जाऊ दे. आधी सासऱ्यांना आत घ्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी देणगीदारांकडून एक पाहुण्या बाई आल्या. दाराला फीत बांधलेली, बळकटराव कात्री पुढे करतोय, तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली. दार उघडलं. म्हातारे खुर्ची पुढे सरकवत आले. गालाला साबणाचा फेस.

“कोण पाहिजे?”

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. बळकटराव मात्र क्षणभरही डगमगला नाही. सरडाही त्याच्याकडे शिकवणीला बसला असता.

“मॅडम,” तो पाहुण्यांना म्हणाला, “हेच आमचं केंद्र! माणूसच केंद्रस्थानी!”

पाहुण्यांचे डोळे भरून आले. टाळ्या झाल्या, फोटो निघायला लागले. म्हातारे कुरकुरले, “अहो, दाढी तरी पुरी करू द्या.”

मावशी एका वाक्यात खरं सांगू शकली असती. तिनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्यापेक्षा जोरात.

पाहुण्या गेल्यावर ती मला म्हणाली, “झालं ना तुझ्या मनासारखं? मग तोंड का पाडलंयस?”

ते घर शब्द दिला म्हणून राहिलं नव्हतं, फोटोत बरं दिसलं म्हणून राहिलं होतं. हे जिला समजावून सांगावं लागतं, तिच्यापुढे काय डोकं फोडायचं? त्याच संध्याकाळी मी राजीनामा दिला.

संस्थेला पुढचा निधी मिळाला. बळकटराव आता गावोगाव भाषणात ही हकिकत सांगतो. त्याच्या तोंडी किल्ली त्यानंच दिलेली असते. कचेरी मोठी झाली, खुर्च्या गोल फिरायला लागल्या, पाचवी इमारत मात्र पायाच्या वर आली नाही.

परवा मावशीचा फोन आला. “सळया उघड्यावर गंजताहेत गं. येतेस का?”

“इंजिनिअर नेम की.”

“नव्या निधीत मंजुरी फक्त समन्वयकांच्या पगाराची आहे.”

मी फोन ठेवला. मग हिशेबनिसाला कळवलं, की माझ्या घरी जुनी ताडपत्री आहे, ती घेऊन जा आणि सळया झाकून ठेव. सळयांनी कुणाचं काय वाईट केलं होतं?