रांग मोजणाऱ्या चकतीची कैफियत

मी लाल चकती बोलतेय. दागिना नाही, बक्षीस नाही. तळहाताएवढं प्लास्टिक आणि गळ्यात अडकवायला काळी फीत. थीम पार्कात गेला असाल तर तुम्ही मला पाहिलंही असेल, ओळखलं मात्र नसेल.

रोलर कोस्टरच्या रांगेच्या तोंडाशी एक ताई उभी असते. ती मला एका यंत्राला टेकवते, आत शिरणाऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालते आणि म्हणते, "वर गाडीपाशी पोहोचलात की तिथल्या माणसाला द्या हं." वरचा माणूस मला पुन्हा यंत्राला टेकवतो. मधे जेवढी मिनिटं गेली, तेवढी रांग. तो आकडा खाली मोठ्या फलकावर उजळतो आणि तो वाचून माणसं ठरवतात, थांबायचं की नाही.

माझा जन्म पार्कच्याच कार्यशाळेत झाला. 'धावू नये' अशी एक पाटी मोडली होती, तिच्यातून मला कापलं. पहिल्या वर्षी मी अर्ध्या तासात वर पोहोचायचे. मग एक दिवस आमच्या कठड्याला लागून दुसरा कठडा उभा राहिला, त्यावर हिरवा गालिचा आला आणि झटपट पास सुरू झाले. जादा पैसे भरा, गालिच्यावरून थेट वर जा. वर त्यांचे आठ बसले की आमचे दोन. माझी वाट सत्तर मिनिटांवर गेली. वेळ काही शेतात पिकत नाही. इकडून काढला तरच तिकडे देता येतो. एवढी साधी गोष्ट पार्कातल्या एकाही मोठ्या माणसाने मोठ्याने म्हटली नाही.

त्यात भर म्हणून पार्कच्या साहेबांनी नियम काढला, चकती सांगेल त्यात वीस मिनिटं मिळवून फलकावर लावायची.

"लोक लवकर पोहोचले की खूश होतात," साहेब म्हणाले.

"मग पासच्या खिडकीवरच गर्दी का वाढते, साहेब?" ताईने विचारलं.

"तू चकत्या वाट."

पास घ्यावा की नाही, यावर मी जेवढी भांडणं ऐकलीत तेवढी कुठल्या वकिलाने ऐकली नसतील. नवरा म्हणतो घेऊ, बायको म्हणते तुझं डोकं फिरलंय का. अर्ध्या तासाने ऊन चढतं आणि दोघांच्या भूमिका बदलतात. मला विचाराल तर सकाळी लवकर आलात तर पास म्हणजे निव्वळ उधळपट्टी. कुणाचे गुडघे दुखत असतील, कडेवर लहान मूल असेल, तर खुशाल घ्या, लाजू नका. इतकं मी छातीठोक सांगायचे. मग ते बापलेक आले.

दुपारचा दीड. फलकावर नव्वद, खरे सत्तर. ताईने मला एका अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात घातलं. बापाच्या हातात घडी घातलेला कागद होता. त्यावर सात खेळांची नावं, पुढे वेळा. महिन्यातून एक रविवार त्याला मुलगी मिळायची आणि पाचच्या ठोक्याला तिला आईच्या दारात पोहोचवायचं, असं कोर्टाने ठरवून दिलं होतं. चारला पार्क सोडायलाच हवा, हे त्याने रांगेत शिरता शिरता दोनदा म्हटलं.

थोड्या वेळाने तो पाणी आणायला गेला. मुलीने लगेच फोन लावला.

"आई, तू काही बोलू नकोस गं. मी सांगते म्हटलं ना... हो, आजच. तू दारात एकदम सांगशील की आपण गाव सोडतोय, शाळेचा दाखलाही काढला, आणि मग तुम्ही दोघं तिथेच सुरू व्हाल. मला नकोय तसं. बाबाला मीच सांगणार. पाचच्या आत."

फोन ठेवून तिने मला मुठीत धरलं.

बाप पाणी घेऊन आला. रांग चार पावलं सरकली. मुलीने दोन घोट घेतले.

"बाबा, एक सांगायचंय. चिडणार नाहीस ना?"

"चिडेन कशाला? गुण कमी पडले का?"

"नाही रे. ते, आई आणि मी..."

तेवढ्यात शेजारच्या गालिच्यावरून दहा-बारा जण खिदळत पुढे गेले. बापाची मान तिकडे वळली, मग घड्याळाकडे, मग कागदाकडे.

"थांब हं, एक मिनिट. नव्वद म्हणजे इथेच तीन वाजणार. मग बाकीचे खेळ कधी?" त्याने मोबाइल काढला.

"बाबा, नको ना. मला इथे बरं वाटतंय."

"रांगेत कुणाला बरं वाटतं, वेडाबाई? तुझा दिवस आहे आज!"

मागचे आजोबा म्हणाले, "घ्या हो घ्या. आम्ही इथेच मुळं धरतो."

मोठ्या माणसांचं हे मला कधी कळलं नाही. मूल तोंड उघडतं आणि ह्यांना नेमकं तेव्हाच काहीतरी द्यायचं सुचतं. पंचवीस मिनिटं झाली होती, पंचेचाळीस उरली होती. मुलीसोबतची, एका जागी, कुठेही पळता न येणारी पंचेचाळीस मिनिटं. ती त्याने पैसे भरून घालवली.

त्याने मोबाइलवर आलेला पासचा कोड दाखवला, कठड्याचं दार उघडलं, आणि मुलगी माझ्यासकट गालिच्यावर आली. मी तिच्या गळ्यात आहे, हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. पाच मिनिटांत आम्ही वर.

"तू काय सांगत होतीस?" बापाने विचारलं.

"दोघंच ना? पहिल्या डब्यात बसा, चला चला," गाडीवाला ओरडला.

"राहू दे, बाबा."

तिने मला काढून दिलं. यंत्राने तीस मिनिटं नोंदवली, फलकावर नव्वदचे पन्नास झाले. ते पाहून सगळ्या पार्कातली माणसं आमच्याकडे धावली. मला खाली आणून ताईच्या खिळ्याला अडकवलं, तेव्हा रांग कारंज्यापर्यंत गेली होती.

वीसेक मिनिटांनी ते दोघं परत आले. बापाचा कागद खिशात गेला होता. तो गाडीत काही बोलला असेल, किंवा मुलीचा चेहरा त्याने एकदाचा नीट पाहिला असेल.

"पुन्हा उभे राहतो. ह्या साध्या रांगेत," तो ताईला म्हणाला.

"दादा, आता दोन तास लागतील. हे खरे सांगतेय."

"आम्हाला चारला निघायचंय." तो मुलीकडे वळला. "मग दुसरीकडे जाऊ या? पाण्याचा खेळ..."

मुलीने त्याची बाही धरली. "गाडीत नाही बसायचं, बाबा. नुसतं उभं राहू."

ते शेवटाला, ताईपासून जरा लांब उभे राहिले. मला शब्द ऐकू आले नाहीत. मुलगी स्वतःच्या बुटांकडे बघत बराच वेळ बोलली. बापाने एकदा मान हलवली. मग पुन्हा हलवली, आणि मग हलवायचा थांबला. पुढची रांग सरकली, ते सरकले नाहीत.

"अहो, चला की पुढे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुम्ही जा," बाप म्हणाला.

मागचे पुढे गेले. त्यांच्या मागचेही गेले. चार वाजेपर्यंत तो एका हाताने कठडा धरून, दुसरा मुलीच्या डोक्यावर ठेवून सगळ्यांना वाट देत राहिला.

पन्नासच्या त्या गोंधळानंतर साहेबांनी चकत्या बंद केल्या. आता ऑफिसात बसून कुणीतरी मनानेच आकडा टाकतं. मी खणात पडून आहे, संपलेल्या पेनांच्या सोबतीला. त्या मुलीचं नवं गाव किती लांब आहे आणि तिचा बाप महिन्याच्या त्या रविवारी कुठे जातो, हे मला कुणी सांगत नाही.

पास घ्यावा का, असं आता विचारलंत तर माझ्याकडे छातीठोक उत्तर नाही. परवडत असेल तर घ्या. फक्त खिशातून मोबाइल काढण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला एवढं विचारा, तुझं बोलून झालं का? आणि उत्तर येईपर्यंत कृपा करून गप्प बसा.