हातावरचे पाच ठिपके

झाकियाने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, तेव्हा मी तिच्या हातावर फटका मारला. पोटच्या पोरीनं आईची हनुवटी धरायची नसते, मग ती नाम्पुलाच्या इस्पितळात नर्स असो नाहीतर डॉक्टरांची डॉक्टर. पण माझा फटका उशिरा बसला. तिला पाहायचं होतं ते तिनं पाहून घेतलं होतं.

चूक माझीच. मी रोज सगळ्यांच्या आधी मागच्या अंगणात जाऊन तोंड धुते आणि कुणी उठायच्या आत लेप लावून मोकळी होते. पोरगी त्या दिवशी पहिल्याच गाडीने येऊन टपकेल हे ध्यानात नव्हतं. दोन्ही गालांवर लाल चट्टे, नाकाच्या कडेला कातडी सुटलेली, डाव्या डोळ्याखाली सूज. सगळं तसंच उघडं होतं.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"आई."

"दोन महिने," मी म्हटलं. "तीन असतील."

ती काही बोलली नाही. पिशवी खाली ठेवून पायरीवर बसली. झाकिया बोलते तेव्हा मला भीती वाटत नाही. गप्प बसते तेव्हा वाटते. ते तिनं माझ्याकडूनच उचललंय.

नाकाला नावाच्या आमच्या बंदरगावच्या बाजारात मी अडतीस वर्षं मुसीरो विकते. मुसीरोच्या झाडाच्या कांड्या आणि त्या उगाळायचे दगड, एवढाच माझा धंदा. दगडावर चार थेंब पाणी घ्यायचं, कांडी गोल गोल फिरवायची, दुधासारखं पांढरं सुटलं की तोंडाला फासायचं. मी बारा वर्षांची होते तेव्हा आईनं पहिल्यांदा लावून दिलं, तिला तिच्या आईनं. आमच्यात घर, शेत, कुळाचं नाव सगळं आईकडून पोरीकडे जातं, आणि मुसीरोही तसाच. माझ्या दुकानाला पाटी नाही. पाटी म्हणजे मी. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघतं आणि कांडी उचलतं. माझं वय विचारतात, मी म्हणते तुम्हीच सांगा. कुणी पंचेचाळीस म्हणतं, कुणी पन्नास. मी हसते. त्रेसष्ट आहे हे सांगायची सक्ती कुठल्या कायद्यात नाही.

तर अशा तोंडाला खाज सुटली. पहिल्यांदा वाटलं घाम असेल, मग वाटलं खारट वारा. लेप लावला की तासाभरात आत मुंग्या धावायच्या. आणि मी काय केलं? लेप जाड केला. चट्टे वाढले तसा आणखी जाड. वरून पांढरं, गुळगुळीत, आत आग. ज्यानं झाकत होते तेच जाळत होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

झाकियानं आणखी काय काय लावलंस म्हणून विचारलं. एक एक काढून घेतलं माझ्याकडून, कोळंबी सोलावी तसं. शेवटी गुलाबी झाकणाची बाटलीसुद्धा निघाली. ती मी कापडवाल्यांच्या गल्लीतून गुपचूप आणली होती. मी दुसरीपर्यंत शिकले. मोठी अक्षरं लावता येतात, बाटलीमागची मुंगीएवढी नाही. म्हणून मी बाटलीवरच्या बाईची मान बघितली होती. चेहरा कुणीही रंगवतं, म्हातारपण मानेत दिसतं. त्या बाईच्या मानेला एक वळी नव्हती.

"ती बाई वीस वर्षांची आहे आई," झाकिया म्हणाली.

तिनं बाटली उघडून हुंगली आणि नाक वाकडं केलं. मग तिचं व्याख्यान सुरू झालं. अशा चिडक्या कातडीला सुगंध नको, रंग नको, चार चिजा एकदम नको. आधी कातडी निवू दे, वय नंतर कमी कर. तोंडाला पंधरा दिवस साधं पाणी आणि औषधाच्या दुकानातलं बिनवासाचं मलम, बस्स. आणि पुढे तोंडाला काय लावायचं ते तोंडाला विचारायचं नाही, हाताला विचारायचं. कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढा ठिपका, सकाळ-संध्याकाळ, त्याच जागी, सात दिवस. जे हात सोसेल तेवढंच गालाला.

मी म्हटलं, बाकीचं विचारते हाताला, मुसीरोबद्दल कशाला विचारू? आईच्या दुधाला कुणी चाखून बघतं का?

"त्रेसष्टाव्या वर्षी आईचं दूध पितं का कुणी?" ती म्हणाली.

जीभही माझ्यावरच गेलीय कार्टीची.

पाच ठिपके ठरले. मलम. लहान पोरांना उन्हात लावतात ती पांढरी क्रीम. सुरकुत्या घालवायची एक जालीम क्रीम, जी झाकियाच्या बरोबरीच्या नर्सा लावतात. माझी गुलाबी झाकणवाली, कारण मला ती अजून टाकवत नव्हती. आणि मुसीरो. बाटल्या वाचायची भानगड नको म्हणून मी कमरेला गुंडाळायच्या जुन्या कापुलान्याच्या रंगीत दशा काढून एकेकीच्या गळ्यात बांधल्या, आणि त्याच क्रमानं हातावर वरून खाली ठिपके दिले. सगळ्यात खाली, मनगटाजवळ, मुसीरो. झाकिया दुसऱ्या दिवशी परत गेली. जाताना म्हणाली, मी रोज फोन करीन. मी म्हटलं, कर, पैसे तुझेच जातात.

दुकान बंद ठेवलं. बाळंतपणं सोडली तर अडतीस वर्षांत पहिल्यांदा. ताप आलाय असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी आतिजा हजर. आतिजा बाजारात माझ्या समोर बसते, मी विकते तेच विकते आणि मी सांगते त्याच्या खाली भाव सांगते. तिचा चेहरा आमच्या धंद्याला कधी शोभला नाही. विशीपासूनच सुकलेल्या काजूफळासारखा, आणि हे मी तिला तोंडावर सांगत आलेय. ती नारळाच्या रसातली मच्छी घेऊन आली होती. मी पडद्याआडून हात काढून वाडगा घेतला. पडदा तिनं बाहेरून धरला, मी आतून धरला. थोडा वेळ दोघींनी ओढला. मग ती म्हणाली, तापाला एवढा जोर कुठून आला बाई, आणि निघून गेली. मच्छी चांगली होती. मीठ कमी.

ठिपके दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी गुलाबी झाकणाची जागा लाल झाली होती. तिची बाटली मी दशेसकट उकिरड्यावर टाकली. चौथ्या दिवशी जालीम क्रीमखालची कातडी कांद्यासारखी सुटली. झाकिया फोनवर म्हणाली, काही जणींना ती हळूहळू सोसते, आठवड्यातून दोनदा, डाळीएवढी, तुझ्या कातडीला आत्ता नको. म्हणजे सुरकुत्या राहणार का, असं मी विचारलं. ती म्हणाली, उन्हात टोपी घाल, पांढरी क्रीम लाव, ज्या नवीन यायच्या त्या उशिरा येतील, आलेल्या मात्र तुझ्याच. वर म्हणाली, आणि मुसीरो?

"साफ," मी म्हटलं. "तुझ्या इस्पितळाला सांग. चार दिवस, आणि ठिपका साफ."

तेव्हा तो खरंच साफ होता. मी दिवसभर मनगट उलटंपालटं करून बघत होते आणि मक्याचा शिमा खाताना स्वतःशीच हसत होते.

पाचव्या दिवशी दुपारी मनगटाला मुंगी चावली असं वाटलं. मुंगी नव्हती.

संध्याकाळी फोन आला, मी म्हटलं साफ. सहाव्या दिवशीही म्हटलं साफ. सातव्या दिवशी ठिपक्याची जागा नाण्याएवढी झाली होती, मध्ये पाण्याचे बारीक फोड. झाकिया काही विचारायच्या आत मी मच्छीची गोष्ट सांगायला लागले, आतिजा अशी आणि आतिजा तशी. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आई, मनगट कसंय?"

मी गप्प बसले. तिला उत्तर मिळालं. मग ती फार हळू बोलली, रोग्यांशी बोलत असेल तशी. जे शरीर पन्नास वर्षं सोसतं ते एक दिवस नाही म्हणू शकतं, त्यात कुणाची चूक नसते. आणि एकदा नाही म्हटलं की बहुतेक नाहीच. मी म्हटलं, ठीक आहे, आणि फोन ठेवला. रडले नाही. मलम लावलं होतं, ते वाहून गेलं असतं.

पंधराव्या दिवशी चट्टे गेले. आरशात जी बाई होती ती माझी आई होती, शेवटच्या वर्षातली. तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन खोल रेघा, कपाळावर चार. लेपाखाली या कधी येऊन बसल्या, मला पत्ता नव्हता. मी पांढरी क्रीम लावली, गवताची रुंद टोपी घातली आणि सोमवारी दुकान उघडलं.

बाजारात माझ्या वयाची बाई लेपाशिवाय उघड्या तोंडानं बसली तर लोकांना एकच कारण ठाऊक असतं. आतिजानं समोरून बघितलं आणि हातातली कांडी खाली ठेवली.

"कोण गेलं गं घरातलं?"

हो म्हणणं फार सोपं होतं. पेंबाला राहणारा माझा भाऊ गेला म्हटलं असतं तर चाळीस दिवस कुणी तोंडाकडे बोट दाखवलं नसतं. चाळीस दिवसांत आणखी काही सुचलं असतं. मी दगड मांडत बसले. बातमी माझ्याआधीच गल्लीभर फिरली. सकाळी तिघी आल्या, माझ्याकडे बघितलं, चुकचुकल्या आणि आतिजाकडून कांड्या घेऊन गेल्या.

मग एक बाई आली. बंदराच्या कचेरीत काम करते, एर्मेलिंदा नाव सांगितलं. पन्नाशीची, मूळची केलिमानकडची, एवढ्या उन्हात लांब बाह्यांचा सदरा. मानेवर जुन्या चट्ट्यांचे डाग. तिला आता पुढच्या खिडकीवर बसवलंय, दोन्ही बाजूंना पंचविशीच्या पोरी, आणि येणारा जाणारा त्या पोरींशीच बोलतो. जे लावीन ते अंगावर उठतं मावशी, ती म्हणाली, साबणसुद्धा. मुसीरो झाडाचा आहे ना, म्हणजे सगळ्यांना सोसत असेल?

समोर आतिजाचं उगाळणं थांबलं होतं.

मी अडतीस वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं. हो बाई, सगळ्यांना. ते जिभेवर तयार होतं.

"मला सोसत नाही," मी म्हटलं.

एर्मेलिंदानं माझ्याकडे नीट बघितलं. "मग विकता कशा?"

"पन्नास वर्षं सोसला. आता नाही सोसत. तुला सोसेल का ते मला ठाऊक नाही, त्या समोरचीला तर मुळीच नाही. तुझ्या हाताला ठाऊक आहे. बाही वर कर."

तिनं लगेच केली नाही. कचेरीतल्या बाया बाजारात बाही वर करत नाहीत. मी दगडावर पाणी घातलं आणि कांडी फिरवायला लागले. माझ्या बोटांना काही होत नाही, त्यांची कातडी कधीच लाकूड झालीय. पांढरं सुटलं तेव्हा तिचा हात माझ्यासमोर होता. कोपराच्या आत वाटाण्याएवढा ठिपका दिला आणि सांगायचं ते सांगितलं. सात दिवस, दोन वेळा, तीच जागा. चौथ्या दिवशी साफ दिसलं म्हणून नाचू नकोस, पाचवा यायचा असतो. तोवर वासाची बाटली घरात ठेवायची नाही, आणि एका वेळी एकच चीज. हात लाल झाला तर औषधाच्या दुकानातलं बिनवासाचं मलम घे आणि माझ्याकडे फिरकू नकोस. हे सगळं मी असं सांगितलं, जणू माझ्या पणजीनं मला शिकवलंय. झाकियाचं नाव घ्यायची काही गरज नव्हती.

बोटाएवढी कांडी तिला तशीच दिली, फुकट. ती हात अंगापासून लांब धरून गेली, सदऱ्याला लागू नये म्हणून. परत येईल की नाही, देव जाणे.

आतिजा गल्ली ओलांडून आली. कमरेवर हात.

"दुपारपर्यंत अख्ख्या बाजाराला कळेल," ती म्हणाली.

"तू आहेस म्हटल्यावर दुपार कशाला लागते?"

"भाऊ गेला म्हणायचं होतंस. कोण बघायला जाणार होतं पेंबाला?"

"जिवंत माणूस आहे तो. माझ्या गालांसाठी त्याला मारू?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, सरळ, जवळून. इतक्या वर्षांत कधी बघितलं नसेल असं. मला वाटलं, आता काजूफळाची परतफेड होणार. झाली नाही.

दगडावर थोडं पांढरं उरलं होतं. दिवसाचं पहिलं उगाळलेलं मी कधी धुऊन टाकत नाही, दोन बोटांनी निपटून गालाला लावते. बोटं आपोआप भरली आणि वर आली. मध्येच थांबली. आतिजानं ते बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"इकडे ये," मी म्हटलं. "वाया कशाला घालवायचं? वाक जरा. तुझ्या वळ्यांना दोन दगड पुरायचे नाहीत, पण असो."

मला वाटलं ती शिवी देईल. ती वाकली, डोक्यावरचं कापड मागे सारलं, त्याच्याच टोकानं सकाळचा लेप पुसला आणि डोळे मिटले. मी आधी कपाळाला लावलं, मग गालांना, खालून वर, रेघेरेघेत बोट घालून, आईनं मला लावलं होतं तसं. तिचा चेहरा गार होता. कडेनं लेप सुकायला लागला, मग मधोमध. ताण बसला तशी तिनं ओठ मिटले, आणि माझेही मिटले गेले.