सुनयनाच्या दोस्तांचे जबाब

जगात मैत्रीचा शोध नेमका कधी लागला, याबद्दल विद्वानांत मतभेद असतील. बेला मंडलातल्या आमच्या गावात तो सोमवारी दुपारी साडेतीनला लागला. चार वाजेपर्यंत चंपतरावांच्या ओसरीसमोर बावीस मित्रमैत्रिणींची रांग होती आणि पहिल्या नंबरावरून दोन मित्रांत हाणामारी चालू होती.

"थांबा!" चंपतराव गरजले. "काऊन आले बे तुमी सारे?"

"सुनयनाशी दोस्ती करायले," रांग एका सुरात म्हणाली.

चंपतरावांनी छत्तीस वर्षं तहसील कचेरीत चपराशीगिरी केली होती. तेवढ्या काळात कामाशिवाय कचेरीत आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. सबब कामाशिवाय कोणी घरी येईल यावरही त्यांचा विश्वास नव्हता. सुनयना त्यांची नात. वय अकरा, पायांत जन्मापासून बळ नाही. रोज सायकलच्या कॅरिअरवर बसवून ते तिला शाळेत नेत आणि परत आणत. पाच वर्षांत शाळेतून तिच्यामागे घरी आला तो फक्त गृहपाठ.

आणि आज बावीस जण.

"जबाब झाल्याबिगर कोनी ओसरीवर चढाचं नाई," त्यांनी जाहीर केलं आणि वही काढली.

पहिल्याच जबाबात कट उघडकीला आला. शाळेत गोष्टींच्या पुस्तकांची पेटी आली होती. चालता न येणाऱ्या, न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या मुलांशी इतर मुलं मैत्री करतात, अशा त्या गोष्टी. प्रत्येकाला एकेक पुस्तक मिळालं होतं. शेवटच्या पानावर रिकामी चौकट आणि खाली सूचना : 'तुझ्या अशा मित्रासोबतचा फोटो इथे चिकटव.' गावात 'असा मित्र' एकच उपलब्ध होता.

फोटो म्हटल्यावर चंपतरावांचं पेन थांबलं. दोन वर्षांपूर्वी शहरातून काही सज्जन गाडी घेऊन आले होते. त्यांनी सुनयनाला चाकांच्या खुर्चीत बसवलं, हार घातला, फोटो काढला आणि खुर्ची गाडीत टाकून ते पुढच्या गावाला गेले. हार ठेवून गेले. सुनयना तीन दिवस दारात बसून रस्त्याकडे पाहत होती. खुर्ची त्यांनी चुकून नेली असेल, असं तिचं म्हणणं होतं.

"फोटो निघनार नाई," चंपतराव म्हणाले. "ज्याले दोस्तीच करायची हाय, त्यानं बसावं."

"मंग शाळेत मास्तरले काय दाखवाचं?" रांगेतून कोणीतरी विचारलं. दहा मिनिटांत अंगण रिकामं झालं. उरली एकटी नीलिमा, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बयनाबाईची नात.

"तू काऊन थांबली?"

"माह्यापाशी मोबाईलच नाई, आबाजी."

उत्तर सरळ होतं, म्हणून चंपतरावांना ते जास्तच संशयास्पद वाटलं. त्यांनी ओसरीच्या टोकाला खुर्ची टाकली, वही मांडीवर ठेवली आणि पाळत सुरू केली.

'मंगळवार. आली. शेंगदाणे खाल्ले. हेतू समजला नाही.'

'बुधवार. आली. शेंगदाणे दिले नाहीत. तरी थांबली. प्रकरण खोल दिसते.'

पोरींनी फरशीवर खडूने अष्टाचम्माचा, म्हणजे सोंगट्यांच्या खेळाचा, पट आखला होता आणि फासे म्हणून चार फोडलेले चिंचोके घेतले होते. गुरुवारी नीलिमानं तिचं पुस्तक आणलं. सुनयनानं ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलं.

"हे चित्रातली पोरगी सारखी हसूनच राह्यली व," ती म्हणाली.

"हो ना. आन एक डाव बी खेळत नाई."

"खेळन कशी? हारली तं हसता येईन का?"

त्या दिवसापासून पुस्तक वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दारात गेलं. चंपतरावांच्या वहीतल्या नोंदी आखूड होत चालल्या आणि नीट ऐकू यावं या सबबीखाली त्यांची खुर्ची सरकत सरकत शनिवारी पटाला येऊन भिडली.

शनिवारी भडका उडाला.

"लबाड! हारून राह्यली म्हनून चिंचोका लपवला!" नीलिमा ओरडली. पटावर तीनच फासे होते. "पायाखाली घेतला तू!"

"माहे पाय हालतात का, येडे?"

"हात तं हालते ना! लय चालू हाय तुहा हात!"

चंपतराव सुन्न झाले. अकरा वर्षांत त्यांच्या नातीला कोणी लबाड म्हटलं नव्हतं. सगळे 'बिचारी' म्हणत. त्यांनी रागवायला तोंड उघडलं, पण सुनयनाकडे पाहून मिटलं. ती कानापर्यंत लाल झाली होती आणि आणखी चांगली शिवी शोधत होती.

नीलिमानं चपला घातल्या. "जातो मी. उद्यापासून येत नाई."

"जाय ना! कोनाले गरज हाय!" सुनयना म्हणाली, आणि मग रस्त्याकडे पाहायला लागली.

ते पाहणं चंपतरावांच्या ओळखीचं होतं. पोरगी एक दिवस जाणार, याच संशयानं ते पाच दिवस वही लिहीत होते. आता ती निघाली तर त्यांनी घाईनं वहीचं कोरं पान उघडलं.

"थांब!" ते बसल्या जागेवरून म्हणाले. "असं तोंडी नाई जाता येत. कागद करू."

त्यांनी भराभर लिहिलं आणि उभ्या असलेल्या नीलिमाला वाचून दाखवलं : "मी, नीलिमा, लिहून देते की, भांडण झाले तरी दुसऱ्या दिवशी हजर राहीन. शेंगदाणे मिळोत अथवा न मिळोत. सुनयनाची..." ते खोकले. "सुनयनाची हरकत नाही. कर दस्तखत, बाई. कर."

नीलिमानं कागदाकडे पाहिलं. मग पेनाकडे. मग पटावरच्या तीन चिंचोक्यांकडे आणि शेवटी खाली फरशीकडे.

"आबाजी," ती म्हणाली, "तो डावा पाय उचला बरं जरासा."