उजेडाकडे तोंड करून

"सोनं उतरवलंत तेव्हापासूनच फुगलंय ते. मी सांगत होते. पण माझं ऐकतो कोण ह्या घरात?"

सईबाई हे पुटपुटल्या ते हॉस्पिटलच्या खाटेच्या काठावर सुनेकडे पाठ करून, पदर तोंडाशी धरून. जयंतीच्या डाव्या कानाखाली गाठ आहे म्हणजे तो कानही गेलाच असणार, असं सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

जयंतीला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. हल्ली तेच तर दुखणं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा बोराएवढी होती. सईबाईंनी दोन बोटांनी दाबून निदान केलं, "पोन्नुक्कु वीङ्गी!" म्हणजे गालगुंड. त्यावर उपाय एकच, गळ्यात सोनं घालायचं, सूज आपोआप उतरते. घराण्यानं तंजावर सोडून चेन्नई गाठली त्याला तीन पिढ्या झाल्या. घरात बोलणं मराठी असलं तरी दुखणी आणि औषधं सगळी तमिळ. जयंतीनं साखळी घातली. गालगुंड असतं तर दुखलं असतं, आठवड्यात गेलंही असतं. हे दुखतही नव्हतं आणि जातही नव्हतं. तरी ती साखळी घालून हिंडली, कारण वाद घालण्यापेक्षा साखळी हलकी होती. आता ते आठवलं की तिला स्वतःचाच संताप यायचा.

बिघाड पहिल्यांदा पकडला तिच्या वर्गानं. जयंती बहिऱ्या मुलांच्या शाळेत पहिलीला शिकवायची. ऐकू न येणारी ती पोरं तिचे ओठ बघून शब्द ओळखायला शिकायची. तिचा चेहरा हाच त्यांचा फळा. एक दिवस पहिल्या बाकावरच्या मुलीनं स्वतःच्या ओठाचा डावा कोपरा बोटानं खाली ओढला आणि खुणेनं विचारलं, मिस, तुमचा हा ओठ उशिरा का येतो?

मग सुई टोचून तपासणी झाली, मोठ्या मशीनमध्ये घालून झालं. साखळी तेव्हा उतरली. रिपोर्ट आला तो मुलाच्या, श्रीवत्सच्या मोबाइलवर. त्या दिवसापासून घरातली झाडून सारी माणसं तिच्याशी पाठमोरी बोलायला लागली. नवरा, विद्याधर, गॅसच्या शेगडीशी बोलायचा. श्रीवत्स लॅपटॉपशी. सून अर्चना सांगलीची, एरवी तोंडाची फटकळ, तीसुद्धा हल्ली फ्रिजमध्ये डोकं घालून "आई, कॉफी देऊ?" विचारायची.

परक्या माणसाला हे कळलंही नसतं. पण जयंतीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलणं हा एकच अक्षम्य गुन्हा होता. नव्या शिक्षिकांना ती पहिल्या दिवशी बजावायची: तोंड उजेडाकडे, हात खाली, एका वेळी एकानंच बोलायचं. पाठ फिरवलीत की त्या पोरासाठी तुम्ही नाहीच आहात.

आता चार वाजत आले होते. शस्त्रक्रिया उद्या सकाळी. दार ढकलून डॉक्टर धनलक्ष्मी आत आल्या. तरुण, नीटस बाई, हातात संमतीचा कागद. तमिळमध्ये म्हणाल्या, "मॅडम, सही हवी. घरच्यांनी सगळं समजावलंय ना?"

"समजावलंय, समजावलंय," विद्याधर घाईनं म्हणाला. पेनही त्यानंच पुढे केलं.

"मला कुणीही काही समजावलेलं नाही," जयंती म्हणाली.

डॉक्टरांनी विद्याधरकडे अशा नजरेनं पाहिलं की तो पंख्याचं बटण शोधू लागला. "मग बसा, मी सांगते."

"तुम्ही सांगालच, तुमचं कामच आहे. पण आधी ह्यांच्यातल्या कुणीतरी सांगू दे. माझ्या तोंडाकडे बघून. नाहीतर सही नाही."

"उद्याची पहिली केस तुमची आहे, मॅडम."

"माहीत आहे. वेळ माझ्यामुळे जात नाहीये."

डॉक्टर "मी बाहेर आहे" म्हणून गेल्या. दार मिटलं.

"काय हे जया! बाहेरच्या माणसासमोर," विद्याधर पुटपुटला.

"बाहेरच्या माणसाला सगळं माहीत आहे हो. माहीत नाही ते मला. बोला."

विद्याधरनं चष्मा काढला, पुसला, मूठ तोंडापाशी नेली. "गाठच आहे गं ती. काढली की झालं. आपल्या गिंडीच्या वर्कशॉपात बेअरिंग बदलतो, तसं."

"हात खाली."

"काय?"

"तोंडावरचा हात खाली घ्या. आणि आता बोला."

हात खाली आला. मग तो वळला आणि खिडकीतून खाली पार्किंगकडे पाहत राहिला, जणू तिथून कुणी उत्तर घेऊन येणार होतं.

"श्रीवत्स?"

"अम्मा, प्लीज. इट्स अ प्रोसिजर. थोडं रेअर आहे, बट मॅनेजेबल."

"रेअर म्हणजे काय रे? राजांच्या काळातल्या नाण्यासारखं? मिरवू का मी?"

"अम्मा, तसं नाही..."

"मोबाइलला सांगतोयस की मला?"

त्यानं मोबाइल खिशात टाकला, पण मान काही वर आली नाही. सिरुसेरीच्या ऑफिसात शंभर माणसांना प्रेझेंटेशन देणारा पोरगा.

"आई, मी सांगते," अर्चना पुढे झाली. "मी त्याच दिवशी म्हणत होते की..."

"अर्चना, तू नको," विद्याधर खिडकीबाहेर बघतच म्हणाला.

"का नको, बाबा? चार वर्षं झाली मला ह्या घरात."

"तू नको म्हटलं ना!"

अर्चनाचे डोळे भरले आणि ती भिंतीकडे वळली. झालं, आणखी एक पाठ.

मग मात्र जयंतीचा आवाज चढला. "मला काय कुकुलं बाळ समजता? कॅन्सर आहे हे मला ठाऊक आहे. नेट मलाही येतं. सावकाश वाढणारा आहे, नसेच्या कडेनं सरपटतो, हेही वाचलंय. ते मी विचारतच नाही! जूनमध्ये नवी पहिली येतेय. हेडमिस्ट्रेसना मी हो म्हणून सांगितलं. तुमच्यासमोर, फोनवर सांगितलं. हे म्हणाले, जा की! तू म्हणालास, शुअर अम्मा! आणि सगळे चटकन आत पळालात. का पळालात? जन्मभर बहिऱ्या पोरांना शिकवलं, आणि तुम्ही मला माझ्याच घरात बहिरी केलीत!"

तिच्या डाव्या ओठाचा कोपरा थरथरून मागे राहिला. तिला तो जाणवला. नेटवरचं ते पानही तिनं बरोबर तिथंच बंद केलं होतं, जिथं नसेचं पुढं काय होतं ते लिहिलेलं असणार होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्याचाही राग ह्या तिघांवरच निघत होता.

बाहेर ट्रॉलीचं चाक कुरकुरत गेलं.

सईबाई खाटेवरून उतरल्या. गुडघ्यावर हात देत, "अय्यो, अय्यो" करत त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली.

"अम्मा, तू कशाला?" विद्याधर वळला. "तुला काही माहीत नाही."

"मला माहीत नाही? म्हातारीला काय कळतंय म्हणून सगळे माझ्यासमोरच फोनवर बोलत होतात की. सर मागे. उजेड अडवतोस."

विद्याधर मागे सरला. सईबाईंनी खुर्ची खिडकीसमोर मांडली, बसल्या, उन्हानं डोळे बारीक केले. तोंडावरचा पदर काढून मांडीवर ठेवला. इतक्या वर्षांत जयंतीनं त्यांचं तोंड इतकं समोरून कधी पाहिलं नव्हतं. दात नसलेलं, पण ओठ ठाम.

"जया गे, माझ्याकडे बघ. ती गाठ शिरेला गिळून बसलीय. शीर ठेवली तर तू राहत नाहीस, म्हणून शीर कापणार. हे अर्धं तोंड पडेल. डोळा मिटायचा नाही, हा ओठ हलायचा नाही. दुसरी शीर जोडून बघतो म्हणतात, पण पहिल्यासारखं व्हायचं नाही." त्यांनी मान वळवली नाही. "त्या पोरांना तुझं तोंड वाचता यायचं नाही गे आता. शाळा सुटली तुझी."