चाकावरचा थर

संयोगितानं हातातल्या बांगड्या एकेक करून काढल्या, पोर्चच्या कठड्यावर ठेवल्या आणि मगच बादलीत हात घातला.

पायरीवर बसलेल्या केरबाला, तिच्या वडिलांना, ते काही बरं वाटलं नाही. हिरव्या काचेच्या त्या बांगड्या तिच्या आईनं इचलकरंजीहून त्याच्या पिशवीत घालून दिल्या होत्या. सकाळी तो आल्या आल्या लेकीनं त्या हौसेनं घातल्या, आणि आता चहाचा कप विसळायच्या आत उतरवल्याही. भरल्या घरच्या सवाष्णीनं असे मोकळे हात घेऊन बसावं, तेही ऐन नवरात्रात?

"बांगड्या कशाला गं काढल्यास?"

"रिमला लागत्यात, आबा. चरा पडतोय."

"चाकाला?"

"चाकावर वार्निशासारखा पातळ थर असतोय. क्लिअर कोट म्हणत्यात त्याला. त्यो गेला की चाक गेलं."

केरबाला हसू आलं. चाक म्हणजे चिखलातून, शेणातून जायची वस्तू, एवढंच त्याला ठाऊक. पण पोरगी हसत नव्हती. तिनं दोन बादल्या घेतल्या होत्या, एक टायरची आणि एक रिमची. टायरला कडक ब्रश, रिमला मऊ कापडाचा हातमोजा. यातलं त्यात जाऊ द्यायचं नाही. टायरचा काळा फेस रिमवर ओघळू द्यायचा नाही. चाक उन्हानं तापलेलं असेल तर हातच लावायचा नाही. छडी खाऊन पाठ केलेल्या कवितेसारखं ती हे सगळं घडाघडा बोलत होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. गाडीची पूजा व्हायची, हार चढायचा, शेजारपाजारच्यांना पेढे जायचे. जावई विजयसिंह सकाळीच शाहूपुरीतल्या आपल्या दुकानात गेले होते आणि जाताना, परत येईपर्यंत चारही चाकं झाली पाहिजेत, असं सांगून गेले होते. गाडी नवऱ्याची आणि चाकं बायकोची, अशी या घरातली वाटणी होती.

ती हातमोजा पिळत होती तेव्हा तिच्या मनगटावरच्या बारीक पांढुरक्या रेघा केरबाला दिसल्या.

"ह्ये काय लागलंय?"

"रिमची कड लागती," ती म्हणाली.

केरबानं मान हलवली. त्याला ते पटलं, कारण पटवून घ्यायलाच तो आला होता. उन्हाळ्यात तिनं फोन करून विचारलं होतं, "आबा, मी थोडं दीस तिकडं येऊ का?" आणि त्यानं सांगितलं होतं, "पावण्यास्नी इचार, बाई. हितं तरी काय हाय?" त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही. पण त्याची झोप गेली ती गेलीच. आज पोरगी डोळ्यांनी बघायची, बरी आहे म्हणायचं आणि घरी जाऊन निवांत झोपायचं, एवढ्यासाठी म्हातारा एसटीत चढला होता.

आतून कुकरची शिट्टी झाली.

"आलेच मी. तुम्ही हात लावू नका हं, आबा."

पण नुसतं बसून राहणं केरबाला कधी जमलं नाही. इचलकरंजीच्या प्रोसेसमध्ये, कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यात, कोरं कापड कास्टिक सोड्याच्या पाण्यात उकळण्यात त्याचा जन्म गेला होता. तेल असो, मेण असो, कास्टिकपुढं काही टिकत नाही, हा त्याचा पक्का विश्वास. लेकीच्या स्वयंपाकघरातल्या पंख्यावर तेलाचा चिकटा बसलाय म्हणून आजही तो एक बाटली भरून घेऊन आला होता. बाटली पिशवीत होती, आणि समोरच्या टायरवर तपकिरी डाग होते. पोर मेली घासून घासून दमते, एक चाक तरी आपण करून ठेवू, असं त्याला मनापासून वाटलं. माया होती ती, दुसरं काही नव्हतं.

त्यानं ब्रशवर बाटली उपडी केली. टायर बघता बघता काळाभोर निघाला. केरबा खूश झाला आणि त्यानं हात आणखी जोरात चालवला. ऊन एव्हाना पोर्चमध्ये शिरलं होतं, चाक तापलं होतं. टायरवरचं पाणी रिमवर ओघळलं आणि ओघळता ओघळताच वाळलं. त्यानं तांब्याभर पाणी मारलं. ओघळ गेले नाहीत, पांढरे पडले. मग त्यानं तोच कडक ब्रश रिमवर फिरवला आणि राहिलेली चकाकीही गेली.

संयोगिता बाहेर आली. तिनं आधी फाटकाकडं बघितलं, मग चाकाकडं.

"काय घातलंत?"

"कास्टिक. जरासंच. आगं, पॉलिश मारून घिऊ की. कुणीतरी करत आसंलच."

"व्हय. करत्यात," ती म्हणाली.

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती पाणी ओतत राहिली. मग ब्रश धुऊन खिळ्याला अडकवले, बादल्या पालथ्या घातल्या, हात पुसले आणि बांगड्या पुन्हा चढवल्या. जेवायला वाढताना मोकळे हात विजयसिंहांना चालत नसत.

जेवणं झाली तरी चाकाचा विषय निघाला नाही. विजयसिंह मागल्या फाटकानं आले होते. सासऱ्याला आग्रह करकरून त्यांनी तांबडा रस्सा वाढायला लावला. नवरात्रात तो मटणाचा नव्हता, पण झणका तोच होता. मग स्टँडवर सोडतो म्हणून ते किल्ली घेऊन पुढं आले आणि चाकाजवळ थांबले. खाली बसून त्यांनी रिमवरून बोट फिरवलं. रुमालानं बोट पुसलं.

"कुणी केलं?"

"म्या," केरबा म्हणाला. "तिची काय चूक न्हाय. ती आत गेलती. चुकलं माझं, पावणं."

विजयसिंह मोकळं हसले.

"अहो मामा, तुम्ही पाहुणे माणूस. तुम्हाला कोण बोलणार? बसा की गाडीत." आणि बायकोकडं न बघता, त्याच आवाजात, "चाकाला दुसऱ्याचा हात लावू द्यायचा नाही, असं सांगितलं होतं ना तुला?"

"हो."

"यांना सोडून येतो."

केरबाचा जीव भांड्यात पडला. केवढ्या मोठ्या मनाचा माणूस! उगीच घाबरलो आपण. पिशवी उचलून तो लेकीचा निरोप घ्यायला वळला.

संयोगिता दाराशी उभी होती आणि बांगड्या काढत होती. बादली पालथी होती, ब्रश खिळ्याला होते, धुवायचं काहीच राहिलं नव्हतं. ती एकेक बांगडी सावकाश, न फोडता, सवयीनं उतरवत होती आणि दाराआतल्या फडताळात, हात लागणार नाही अशी सरकवून ठेवत होती.

केरबानं तिचं मनगट बघितलं. पांढुरक्या रेघा बघितल्या. रिमची कड लागली तर एकाच बाजूला लागेल, आणि रेघा मनगटाच्या चहूबाजूंनी, बांगड्या बसतात तिथंच होत्या. त्याचं तोंड उघडलं. पाय मात्र गाडीच्या दिशेनंच होते.

"जावा, आबा," ती म्हणाली. "एसटी चुकंल."

तो गेला. गाडीत गार हवा होती. विजयसिंहांनी प्रत्येक खड्डा चुकवला, स्टँडवर सासूबाईंसाठी पेढे घेऊन दिले आणि वाकून नमस्कारही केला. केरबानं आशीर्वाद दिला. दुसरं काय द्यायचं ते त्याला सुचलं नाही.

घरी त्याची बायको चिमणाबाई चुलीपुढं होती.

"पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. पावण्यांनी स्टँडपत्तूर सोडलं. पेढं दिल्यात."

"बांगड्या बसल्या का?"

"बसल्या की."

तो हातपाय धुऊन पाटावर बसला. ताट पुढं आलं. घास मोडून तो तसाच हातात धरून राहिला.

"फुडच्या खेपंला काचंच्या घिऊ नगस," तो म्हणाला. "प्लॅस्टिकच्या घे."

 चिमणाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.