सहावं पान

"तुम्ही ही कथा वाचलेली नाही," ती म्हणाली आणि तिने पाकीट टेबलावर चहाच्या कपाशेजारी आपटलं. "न वाचताच परत पाठवलीत. वर छापील चिठ्ठी, साभार परत. आभार कशाचे मानलेत? टपालखर्च मी केला त्याचे?"

संपादकांनी आधी कप उचलून लांब ठेवला, मग वर पाहिलं. साठी उलटलेला माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला. समोर प्रुफांचे ताव पसरलेले. येणाऱ्यासाठी एक खुर्ची होती, पण तिच्यावर आलेल्या पाकिटांचा ढीग बसला होता. त्यामुळे येणाऱ्याने उभं राहायचं आणि लवकर निघायचं, अशी सोय आपोआप झालेली होती.

त्यांनी तिला नाव विचारलं.

"नाव पाकिटावर आहे. आत प्रत्येक पानाच्या डोक्यावर आहे. वाचली असतीत तर विचारावं लागलं नसतं."

तसं ते नाव तिच्या स्वतःच्याही कानावर क्वचितच पडे. थोरल्या बहिणीच्या पार्लरमध्ये ती केस कापायची आणि तिथे तिला सगळ्या जणी कात्री म्हणायच्या. हातातल्या कात्रीवरून हे नाव पडलं असं नवीन गिऱ्हाइकांना वाटे. जुन्यांना माहीत होतं की ते तोंडातल्या कात्रीवरून पडलं होतं.

तिने पाकिटातून कथा काढली आणि पाचवं पान चिमटीत धरून वर उचललं. सहावं पान त्याच्या पाठोपाठ निमूट वर आलं.

"दिसतंय? पाठवताना कडेला टिपके लावले होते. खोट्या पापण्या चिकटवायचा गोंद आहे. जरा ओढलं की सुटतो, कागद फाटत नाही, पण सुटल्याची खूण राहते. जसं पाठवलं तसं परत आलं. म्हणजे पाचव्या पानापुढे तुम्ही गेलाच नाहीत."

युक्ती तिची नव्हती. कुठल्याशा लेखकाच्या मुलाखतीत तिने ती वाचली होती. लिहायचं कसं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. शाळेने तिला दिलं काय, तर निबंधाखाली लाल शाईत 'विषय सोडून लिहिले आहे' एवढा एक शेरा. बाकी सगळं शिक्षण पार्लरच्या बाकावर झालं. ताई गिऱ्हाइकांसाठी रद्दीवाल्याकडून जुने अंक आणायची. बायका त्यातले कपडे बघायच्या आणि कात्री लेखकांच्या मुलाखती वाचायची. कोण पहाटे उठून लिहितो, कोण नदीपर्यंत चालून आल्याशिवाय लेखणीला हात लावत नाही, कोण उभ्याने लिहितो. जे वाचलं ते ती करून बघायची. इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून लिहायला लागली तेव्हा ताई म्हणाली होती की घोडे उभ्याने झोपतात, तू उभ्याने लिही, दोघांचंही उत्पन्न सारखंच.

गोंदाची हकीकत कळल्यावर मात्र ताईने हातातला कंगवा खाली ठेवला होता.

"एवढे मोठमोठे लोक वाचलेस," ती म्हणाली होती, "आणि शिकलीस काय, तर डिंक लावायला."

ताई मनाने वाईट नव्हती. पलीकडच्या रस्त्यावर तिने आणखी एक गाळा भाड्याने घेतला होता आणि तो तिला बहिणीच्या हवाली करायचा होता. तो सकाळी लवकर उघडावा लागणार होता. ऑफिसला जाणाऱ्या बायका तेव्हाच येतात. आणि कात्री लिहायची ती सकाळीच. बाकी दिवस कापलेल्या केसांत जायचा. कथा छापून आली तर मी दुसरी बाई बघते, परत आली तर तू मुकाट किल्ली घ्यायची, असं ताईने ठरवलं होतं आणि कात्रीने मान हलवली होती. कथा परत आली. आज संध्याकाळी किल्ली घ्यायची होती.

पाकीट फोडल्यावर तिने चिठ्ठीच्या आधी गोंद पाहिला होता. टिपके शाबूत होते. त्या क्षणी तिला हायसं वाटलं होतं, आणि ही गोष्ट तिने ताईला सांगितली नव्हती. वाचलीच नाही म्हटल्यावर आपण हरलो कुठे? बूट घालून ती तडक इथे आली होती.

संपादकांनी गोंदाकडे पाहिलं नाही. चष्मा कपाळावरून काढून ते तो शर्टाच्या टोकाने पुसत राहिले.

"एक बाई केस कापायला येते," ते म्हणाले. "केस कमरेखाली. म्हणते, सगळे काढा. कापणारी विचारते, सगळे म्हणजे किती? तर म्हणते, मागून बघणाऱ्याने हाक मारू नये, इतके." ते थांबले. "जाताना ती केस मागत नाही. फणी मागते. आता जिचा तिला काही उपयोग नाही, ती फणी. हे नवव्या पानावर आहे ना?"

नवव्याच पानावर होतं.

कात्रीचा वर धरलेला हात हळूहळू खाली आला. पाचवं पान खाली आलं, सहावंही आलं.

"मग सहावं?" तिने विचारलं. आवाज अजून चढाच होता, पण त्याच्याखालची जमीन सरकली होती.

"सहावं मला दिसलंच नाही. पाचानंतर सात आलं. वाटलं, आकडा टाकताना चूक झाली असेल. वाक्य तर जुळत होतं."

"जुळेल कसं? सगळं सहाव्यातच आहे. ती केस का कापते, ते सगळं."

"असेल," ते म्हणाले. "पाचवं संपतं तिथून वाचा. मग सातवं घ्या. मोठ्याने."

तिला ते आवडलं नाही. पण वाचायला घाबरली असं त्यांना वाटायला नको होतं, म्हणून तिने वाचलं. पाचव्या पानाचा शेवट असा होता: कापणारीने पुढे काही विचारलं नाही. तिने वेणीच्या मुळाशी कात्री लावली. आणि सातवं पान असं सुरू होत होतं: मान उघडी पडल्यावर बाईने पहिल्यांदा आरशात पाहिलं आणि मान डोलावली, रस्त्यात ओळखीचं कोणी दिसल्यावर डोलावतात तशी.

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"आता सहावं वाचा," संपादक म्हणाले.

तिने पान ओढलं. गोंद एकेक टिपका करत सुटला, पापणी काढताना होतो तेवढाच आवाज करत.

ते पान तिने सगळ्यात शेवटी लिहिलं होतं. कथा तशी झालेली होती. पण मग एका मुलाखतीत तिच्या वाचनात आलं की लेखकाला आपल्या माणसाचा सगळा भूतकाळ ठाऊक असला पाहिजे. ते तिच्या मनाला लागलं. एका बैठकीत तिने बाईचं लग्न लिहिलं, घर लिहिलं, वेणी धरून ओढणारा हात लिहिला, लहानपणी केस विंचरणारी आई लिहिली, आणि तो नवा कागद पाचव्या पानानंतर घालून पुढच्या पानांचे आकडे बदलले. जीव ओतला होता त्यात. गोंद लावायला तिने हेच पान निवडलं ते उगाच नव्हे. इथवर जो पोचेल तो कथा परत पाठवूच शकणार नाही, अशी तिची खात्री होती.

ती वाचू लागली. सुरुवातीला ठसक्यात वाचत होती. मग तिच्या लक्षात आलं की हा आवाज आपल्या ओळखीचा आहे. पार्लरच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या बायकांचं बोलणं तिने वर्षानुवर्षं ऐकलं होतं. जिला खरंच काही लागलेलं असतं ती पाण्याचं भांडं मागते आणि गप्प बसते. आणि जी टॉवेल गुंडाळायच्या आत सगळं सांगून मोकळी होते, ती तेच आधी दहा जणींना सांगून आलेली असते. शब्दसुद्धा ठरलेले असतात. सहाव्या पानातली बाई ही दुसऱ्या जातीची निघाली. पाचव्या आणि सातव्या पानातली तशी नव्हती.

कात्री अर्ध्या पानावर थांबली.

"पुढे?"

"पुढे असंच आहे," ती म्हणाली.

तिने पानाची चौघडी घातली, पर्समध्ये कंगव्यांच्या खाली सारली आणि चेन ओढली. संपादक प्रुफांकडे बघत राहिले. तेवढी अक्कल त्यांना होती.

आता तिने माफी मागून निघायचं, अशी रीत. खुर्चीवरच्या पाकिटांनीही तिला तेच सुचवलं. पण ती हलली नाही.

"म्हणजे वाचलीत," ती म्हणाली.

"वाचली."

"पूर्ण वाचलीत. आवडलीसुद्धा."

"बरीचशी."

"मग परत का?"

त्यांनी एक प्रूफ सरळ केलं, जे आधीच सरळ होतं.

"शेवट," ते म्हणाले. "शेवट तुमचा नाही. कुठेतरी वाचलेला आहे. तुमची बाई इतका वेळ तोंड मिटून बसते आणि शेवटच्या पानावर भाषण करते."

"हे चिठ्ठीवर का नव्हतं?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. पाकिटं रोज येतात, वाचणारा माणूस एक. मासिक कसंबसं चालतं. एकाला कारण लिहिलं की त्याचं उत्तर येतं, उत्तराला उत्तर द्यावं लागतं, मग एक दिवस माणूसच दारात येतो. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या कथाही अशाच परत यायच्या, तेव्हा त्यांनाही कोणी काही सांगितलं नव्हतं. ठेचा खातच माणूस शिकतो. सगळे लेखक असेच शिकले.

"सासूने आपल्याला छळलं म्हणून आपण सुनेला छळायचं, तसलं झालं हे," कात्री म्हणाली.

संपादकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"माझी ताई केस कापायला शिकवायची तेव्हा चुकलं की बोटांवर कंगवा मारायची," ती म्हणाली. "दुखायचं. पण कुठे चुकलं ते बोट ठेवून दाखवायची. लिहिण्यातलं जे काही मला सांगितलं ते जुन्या अंकांतल्या लोकांनी. त्यातलं निम्मं मी उलटं समजले. लेखकाला सगळं ठाऊक हवं, असं तो म्हणाला. मी सगळं लिहून टाकलं. त्याला विचारणार कसं? तो कधीच मेलेला. तुम्ही तर जिवंत आहात ना?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ताई होती. कात्रीने तो तिथेच, त्यांच्या समोर घेतला.

ताई विचारत होती की किल्ली न्यायला कधी येतेस. वरचा मजलाही घेता का, असं गाळ्याच्या मालकाने विचारलंय. आरसे उद्या येतील.

"किल्ली दुसऱ्या कोणाला दे," कात्री म्हणाली. "नाही, छापत नाहीत. नाहीच छापत म्हणतायत. ठरलं होतं, मान्य. ठरलं तेव्हा मला वाटत होतं हे लोक वाचत नाहीत. वाचतात, ताई." पलीकडून बरंच काही आलं. तिने फोन कानापासून लांब धरला. 'डिंक' हा शब्द संपादकांपर्यंत स्पष्ट पोचला आणि त्यांना ठसका लागला. "दुपारनंतर म्हणशील ते करीन. जास्तीचं करीन. सकाळ माझी राहू दे," ती म्हणाली, आणि ताईचं पुढचं ऐकून घेऊन, हो हो म्हणून, फोन पर्समध्ये टाकला.

मग तिने खुर्चीवरची पाकिटं दोन्ही हातांनी उचलली. ठेवायला जागा कुठेच नव्हती. तिने ती प्रुफांवर ठेवली. खुर्ची ओढली, बसली, कथेचं शेवटचं पान काढून संपादकांकडे फिरवलं आणि त्यांच्याच डब्यातली पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली.

"कुठल्या ओळीपासून माझं नाही?" ती म्हणाली. "बोट ठेवा."